न्हाणीघरामागचं गवत

मला लिहायची सवय नाही. पण थोरल्या भावाबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि घरात रिकामा मीच.

दादा वनस्पती संग्रहालयात होता. साहेब लोक रानातून झाडं आणत, दादा ती दाबून, वाळवून कागदावर चिकटवी. खाली गोळा करणाऱ्याचं नाव असे. तिथं एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढीच त्याची हौस. पण साहेबांबरोबर रानात गेला, तरी त्याच्या वाट्याला पिशव्या वाहणं.

एका रानगवतावर त्याचा फार जीव. ते एकाच डोंगरावर, ओढ्याकाठच्या गर्द सावलीत उगवायचं. झाडं तुटली, ऊन आत शिरलं आणि गवत नामशेष व्हायला आलं.

एके वर्षी तेच गवत दादाच्या न्हाणीघरामागे, ओलसर सावलीत उगवलं! दृष्ट लागेल म्हणून तो घरातही बोलला नाही. फुलोरा यायची वाट बघत सारखा मागे जायचा. वहिनीला वाटलं, पोट बिघडलंय. तिनं कडू काढा दिला. दादा निमूट प्यायला.

फुलोरा आला. दादानं साहेबांना बोलावलं आणि घरी एवढंच सांगितलं, "उद्या साहेब येणार. न्हाणीघरामागे जातील."

साहेब आले. मागे जमीन लख्ख.

"अगं, इथलं गवत?"

"उपटलं. साहेब बघणार आणि तिथं रान माजलेलं? लोक काय म्हणतील!"

"टाकलंस कुठे?"

"कचरागाडीत. गेली पण."

दादा धुण्याच्या दगडामागे वाकून एखादी काडी उरलीय का शोधू लागला.

साहेब म्हणाले, "पण ते इथं आलं कसं?"

"यांच्या मोज्यांतून, आणखी कसं? रानातून येतात ते कुसळं घेऊनच. मी इथंच झटकून धुते."

"परवा त्या डोंगरावर गेलो होतो, त्या खेपेचे धुतलेत?"

वहिनी ओशाळली. "नाही हो. जरा आळस झाला."

मोजे आले. साहेबांनी नाकाला रुमाल बांधला आणि चिमट्यानं त्या गवताचं एकेक बी वेचलं. काही ओढ्याकाठी उरल्यासुरल्या सावलीत पेरलं, काही संग्रहालयाच्या रोपवाटिकेत. दोन्हीकडे रुजलं. न्हाणीघराची मात्र नोंद झाली नाही. मोज्यातून आलेलं गवत तिथलं मूळचं धरत नाहीत म्हणे.

रोपवाटिकेतली काडी दादानंच कागदावर चिकटवली. बी त्याच्याच मोज्यांतलं, तेव्हा खाली गोळा करणारा म्हणून त्याचं नाव. तो वहिनीला ते दाखवायला मुद्दाम संग्रहालयात घेऊन गेला.

तिनं चष्मा लावून वाचलं.

"मोजे धुतले नाहीत मी," ती साहेबांना म्हणाली, "आणि नाव यांचं!"