आतून कडी नसलेलं दुकान
सौदीकरणाची तपासणी आली त्या दुपारी, सौदीतल्या अल सुलैच्या बाजारात कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, माझ्या मेहुण्याला कंटेनरच्या दुकानात कोंडून बाहेरून कुलूप लावलं. गल्ल्यावर सौदी माणूसच हवा होता, मेहुणा रत्नागिरीचा. त्या कंटेनरांना छपरं आणि दारं मीच बसवली होती. आतूनही दार उघडता येईल अशी कडी हवी, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. "चोर क्या अंदर से आएगा?" कफील हसला होता. तपासणीवाले समोर उन्हासाठी ताणलेल्या जाळीच्या सावलीत कहवा पीत बसले. आतलं ठोकणं मंदावलं, तेव्हा त्यांच्यादेखत मी ग्राइंडरने कुलूप कापलं. मेहुणा बेशुद्ध होता. तापलेल्या पत्र्यातून मी त्याला ओढून सावलीत आणलं, पाणी मारल्यावर त्याने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी कफीलने त्याच दाराला बाहेरून दोन कुलपं लावली. आत कडी बसवली नाही.