भिंतीकडे तोंड करून

तुम्ही संगणकासमोर बसून आपला पासवर्ड टाकायला लागलात, की तो मुकाट्याने वळायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. दोन्ही हात पाठीमागे. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. बटणांचा आवाज थांबला की विचारायचा, "झालं का?" आपण झालं म्हटलं तरी लगेच वळायचा नाही. "बराबर झालं का?" असं पुन्हा विचारायचा आणि मगच तोंड फिरवायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे बाबा, मी काय लुगडं बदलून राह्यले का?"

तो भिंतीलाच म्हणाला, "त्याच्याहून जास्ती हाय मावशी."

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आपलं नाव काय किंवा दुसऱ्याचं काय, जपून ठेवावं, वाटत फिरू नये, हे त्याच्याकडूनच शिकले. आता त्याच्याच बाबतीत ते कसं मोडू?

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांना तोटा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या एकीत मी आयुष्य काढलं. आधी लॅबमध्ये ओल्या कागदावरचे कोंब मोजायचे. संगणक आला तेव्हा दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत बघत तोही शिकले, कुणी शिकवला नाही. पुढं माझं काम असं झालं. शेतातून आलेल्या बियाण्याचा प्रत्येक लॉट सिस्टीममध्ये आधी अडवलेला असतो. लॅबमध्ये दाणे नीट उगवले, की मी माझ्या नावानं आत जाऊन तो लॉट मोकळा करायचा. मोकळा झाला तरच डेपोत गेटपास निघतो आणि ट्रक हलतो. थोडक्यात, माझ्या नावाशिवाय आमच्या कंपनीचं पोतं जागचं हलत नसे. याचा मला गर्व होता. का नसावा?

आणि हा आला होता ती सिस्टीम सांभाळायला. खरेदी, साठा, विक्री, पगार, सगळं त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये. कुणाला कुठलं दार उघडायचं, कुणाला बंद, हे याच्या हातात. म्हणजे सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच्या कमरेला. आता सांगा, अशा माणसाकडं कोण सरळ नजरेनं बघेल? पाठीमागं आम्ही त्याला सीआयडी म्हणायचो. तो जवळून गेला की हिशेबाच्या बायका बोलणं तोडायच्या. शेठनं त्याला आमच्यावर नजर ठेवायलाच आणलंय, हे आमचं ठरूनच गेलं होतं. मीही त्यात होते. मी तर पुढं होते.

त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर प्रत्येक डेपोचा एक ठिपका. जालना, राजूर, टेंभुर्णी, घनसावंगी. ठीक चाललं असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल. आम्ही बियाण्याची माणसं, हिरवं दिसलं की आमचा जीव गार होतो. याचं उलटं. सगळे ठिपके हिरवे असले की हा खुर्चीत चुळबुळ करायचा. "सगळं हिरवं दिसून राह्यलं मावशी. काहीतरी गडबड हाय."

एकदा खरोखरच होती. सकाळपासून सगळं हिरवंगार, आणि राजूरवाले फोनवर ओरडतायत की बिलं निघत नाहीत. हा उठला, पडद्याजवळ गेला आणि आपलं मनगट वर धरून पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशी लावून बघितलं. पडद्यावरचं घड्याळ कधीचं थांबलेलं. पडदाच गोठला होता, हो! मेलेला पडदा हिरवा दिसत होता. तेव्हापासून दर वेळी खोलीत शिरला की आधी मनगट वर. कुणी नमस्कार घातला तरी आधी मनगट, मग नमस्कार.

सर्व्हरच्या खोलीची गोष्ट तर सांगायलाच हवी. जालन्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. सगळ्या इमारतीत चोवीस तास एसी चालायचा तो त्या एकाच खोलीत. मग आम्ही बायकांनी काय करावं? मठ्ठ्याची बरणी त्या यंत्रांच्या मागं गारव्याला ठेवायचो. याला कसा सुगावा लागला कोण जाणे. बरणी उचलून आमच्या टेबलांमधून सावकाश फिरला. झाकण काढून वास घेतला. "जिरं भाजून टाकलंय," म्हणाला आणि थेट माझ्यासमोर ठेवली. "मावशी, हे सांडलं असतं तर चारी डेपो बंद."

मी म्हटलं, "मंग एक गिलास पी, आन सोड."

प्यायला. पण त्याच दिवशी त्या दाराला कुलूप लागलं.

आता खऱ्या गोष्टीकडं येते. मे महिन्यात पेरणीआधी डेपोंची नुसती झुंबड. ट्रक उभा, ड्रायव्हर ओरडतोय, आणि माझा फोन वाजतोय. "मावशी, लॉट मोकळा करा, जल्दी." मी कधी रिक्षात, कधी जेवायला बसलेली. मग काय केलं, सगळ्या डेपोंना माझा पासवर्ड सांगून टाकला. मी हो म्हटलं की त्यांनी माझ्या नावानं आत जायचं आणि मोकळा करायचा. 'मावशींच्या नावानं' अशी रीतच पडली होती. गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवतोच की आपण.

हे त्यानं पडद्यावर पकडलं. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही आत्ता राजुरात हायेत, आन घनसावंगीला बी हायेत."

"आन इथं बसली ती कोण, माझं भूत?"

"तेच विचारून राह्यलो. किल्ली शेजारी ठेवा, पण पूर्ण गल्लीला कशाला?"

मला राग आला. म्हटलं, ती माझी माणसं आहेत. घनसावंगीचा डेपो मॅनेजर तर मला सख्ख्या भाच्यासारखा. जालन्याला आला की गुळाची ढेप घेऊन येणार, पाया पडणार. तो शेठच्या नात्यातला, पण माज नाही. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय? हा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि गेला.

मग मी भावाच्या नातीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले. रजा टाकून. हळद चालली होती, बायका गात होत्या, आणि याचा फोन.

"मावशी, कुठं हायेत?"

"टेंभुर्णीला. हळद लावून राह्यले. काय झालं?"

"हातात काय हाय तुमच्या?"

"हळदीची वाटी! दुसरं काय असणार?"

"मंग घनसावंगीला तुमच्या नावानं कोण बसलंय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाला, "मी तुमचं नाव बंद करून राह्यलो."

फोन ठेवला न ठेवला तोच घनसावंगीच्या मॅनेजरचा आला. "मावशी, त्या माणसानं तुमचं नाव बंद केलं. तुम्हाला काढायचा डाव हाय त्याचा. माझा ट्रक उभा हाय. शेठला बोला तुम्ही."

बोलले की. तिथंच, हळदीच्या हातानं. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते माझे, आणि असं भर मांडवात माझं नाव पुसलं? शेठला म्हटलं, तो माणूस ठेवा नाहीतर मला ठेवा. शेठनं त्याला फर्मावलं, उघड ते नाव. तो म्हणाला, मावशींनी समोर येऊन त्यांच्या नावानं मोकळा झालेला लॉट डोळ्यानं बघावा, मग उघडतो, नाहीतर मला काढा. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तशी मी निघाले. पंगतीलाही बसले नाही. हाताची हळद तशीच. तरातरा त्याच्यासमोर गेले. त्यानं पडद्यावर लॉटचा नंबर दाखवला. "हा तुम्ही मोकळा केला का?"

सोयाबीनचा लॉट. मी तो नंबर विसरणं शक्य नव्हतं. परतीच्या पावसात भिजलेला माल. कागद उलगडला तेव्हा दाणे फुगलेले, कोंब नाहीत आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. मी स्वतः नापास केला होता. आणि आता तिथं पास लिहिलेलं, लॉट मोकळा, आणि खाली माझं नाव. मी टेंभुर्णीला नवरीच्या गालाला हळद लावत होते तेव्हाचं. गेटपास निघायच्या आधी यानं दार बंद केलं, म्हणून ट्रक आतच राहिला होता.

तो नंबर मी एकेक आकडा करून पुन्हा वाचला. पण मॅनेजरवर विश्वास ठेवलेलं मन इतक्यात ऐकतंय होय! मी त्याला म्हटलं, "हे तूच केलं नसशील कशावरून? सगळ्या किल्ल्या तर तुझ्याकडं."

मला वाटलं चिडेल. त्याचा चेहरा खुलला! "आत्ता बराबर बोलल्या मावशी. मला हे अजून कोणीच विचारलं न्हाई. चला."

"कुठं?"

"घनसावंगीला. मी इथं बसून बटणं दाबू शकतो. पोती न्हाई भरू शकत."

घनसावंगीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो. उसाची हिरवी शेतं लागली तसा तो बाहेर बघत अस्वस्थ व्हायला लागला, म्हणजे माझी तरी अशी समजूत झाली. मी विचारलं, "आमच्यावर तू नजर ठेवतो. तुझ्यावर कोण ठेवतं रे?"

"कोणीच न्हाई." त्यानं हातातली पिशवी छातीशी धरली. "त्याचीच भीती वाटती मावशी. उद्या माझीच नियत फिरली तर?"

डेपोत मॅनेजर धावत आला. खुर्ची दिली, पाया पडला. "मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? चहा सांगतो."

मी ट्रककडं गेले. ताडपत्रीची दोरी सोडली आणि पहिल्या पोत्याचा टॅग वाचला. मग दुसऱ्याचा. तोच लॉट. सगळा ट्रक तोच. लॅबमध्ये आलेला तो आंबूस वास पुन्हा नाकात आल्यासारखं झालं.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"मावशी, माल कमी पडून राह्यला. लोकं दारात उभे हायेत. इतकं बी खराब न्हाई. दोन दाणे जास्ती टोचतील."

"आन उगवलं न्हाई तर? तक्रार आली तर नाव कुणाचं?"

तो ताडपत्रीची सुटलेली दोरी गुंडाळायला लागला. म्हणाला, "तुम्हाला कोण काय म्हणणार मावशी? तुमच्यावर सगळ्यांचा भरोसा."

हे वाक्य अजून कानात आहे. इतक्या प्रेमानं म्हणाला, की क्षणभर मला वाटलं, तो माझं कौतुकच करतोय.

"उतरव," मी म्हटलं. "माझ्यासमोर उतरव." शेवटचं पोतं गोदामात जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. चहा गार झाला. हा सगळा वेळ आमचा सीआयडी गेटजवळ उभा होता, आणि गंमत बघा, मॅनेजरला एक शब्दही बोलला नाही. परत येताना मी त्याला म्हटलं, माझं चुकलं बाबा, तुझ्यावर संशय घेतला. तर मलाच रागावला. "चुकलं कशाला म्हणता? घेत राहा."

मॅनेजर तिथंच राहिला. गुळाच्या ढेपा तेवढ्या बंद झाल्या. आणि दिवाळीच्या सुमाराला निरोप आला की आता सिस्टीम पुण्याहूनच बघतील, इथं माणसाची गरज नाही. खर्च वाचतो म्हणे. असेलही. पण ज्याच्यामुळं शेठच्या नातलगाचा ट्रक रिकामा झाला, त्याचीच गरज बरोबर त्याच वर्षी कशी संपली, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. माझ्याकडं पुरावा नाही. संशय आहे. तो मी घेत राहणार.

शेवटच्या दिवशी त्यानं मला बोलावलं. टेबल पुसून लखलखीत केलेलं.

"मावशी, माझं नाव बंद करायचं हाय. मी गेल्यावर माझ्या नावानं कोणी आत नको जायला. मी बी नको."

"मंग कर की बंद."

"तुम्ही दाबा. मी दाबलं तर साक्षीला कोण?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं तिथं मी दाबलं. इतकी सारी दारं त्या नावाला उघडी होती, आणि आवाज टिचकीएवढा.

"आता मी जाऊन बघतो, घेतं का मला," म्हणाला आणि खुर्चीवर बसला. बटणांवर हात ठेवले आणि थांबला. माझ्याकडं बघितलं. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी उठले, वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. हात पाठीमागं.

इतकी वर्षं हा माणूस आमच्यासाठी काय बघत उभा राहायचा, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. काही नाही. चुना उडालेला एक पोपडा आणि रिकामा खिळा. पाठीमागं बटणं वाजली, सावकाश, एकेक करून. मग यंत्रानं एक लहानसा आवाज केला.

"न्हाई घेतलं," तो म्हणाला. खूश होता. "झालं मावशी. वळा."

"बराबर झालं का?" मी विचारलं, आणि डोळे पुसून होईपर्यंत त्या खिळ्याकडं बघत राहिले.