माहेरच्या पाणंदीतला ओरखडा

आईला वेंगुर्ल्याजवळच्या तिच्या माहेरी न्यायला मी एकदा बांद्याहून भाड्याची गाडी घेतली. गाडीचा विमा होता, तरी नुकसानीतले पहिले पाच हजार माझे, त्यावरचे विम्याचे. दिवसाला दोनशे जादा भरले, तर तेही माफ. मी भरले, कारण माहेरची अरुंद पाणंद चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जायची आणि आईला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं.

पाणंदीच्या तोंडाशी आई म्हणाली, "गाडी हयच ठेव रे, माका चलाक येता."

"आये, गप बस. पैशे भरलंय."

गडग्याला दार खर्रकन घासलं. आई मात्र थेट घरापुढच्या खळ्यात उतरली आणि मामीला हाक मारली, "बघ गो, झिलान माका दारात आणून सोडल्यान!"

माहेरची तिची ती शेवटची खेप.