माशांची खालची टाकी

राग आला की बायका भांडी आपटतात आणि मोकळ्या होतात. मला ते कधी जमलं नाही. माझा राग पिंपाच्या तळाशी गाळ बसावा तसा गपचूप बसतो आणि कुणी जरा ढवळलं की किस्सा होऊन वर येतो. परवा भाची म्हणाली, "मावशी, आम्ही घरी माशांची टाकी आणतोय." झालं! माझं सगळं पिंप ढवळून निघालं.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण सोलापुरातला आमच्या चाळीचा नळ काही सुधारला नव्हता. एक दिवसाआड, सकाळी तासभर पाणी. तेही खाली अंगणात. आम्ही माडीवर. आदल्या संध्याकाळी घागर रांगेत ठेवून नंबर लावायचा, सकाळी भरायची आणि जिना चढायचा. हे सगळं मी करायची. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात घागर उचलली नव्हती!

ह्यांचा जीव माशांवर. खोलीत एक काचेची टाकी होतीच. तिचं पाणी दर आठवड्याला बदलायचे, म्हणजे मी आणलेलं पाणी मोरीत. एका रविवारी ह्यांचे मित्र कुलकर्णी मास्तर एक युक्ती घेऊन आले. वरच्या टाकीखाली दुसरी काचेची टाकी बांधायची. घाण पाणी नळीने खाली येणार, वाळू आणि कोळशातून गाळलं जाणार, पंपाने पुन्हा वर जाणार.

"वहिनी, पाणी बदलायची कटकट संपली! तुमचं पाणी वाचणार."

पाणी वाचणार म्हटल्यावर मी हो म्हटलं. पुढचा सगळा ताप त्या एका शब्दाने झाला.

*

ह्यांचे दुसरे मित्र बिराजदार मिलमध्ये फिटर. लोखंडी अँगलची चौकट त्यांनी झकास करून आणली. काचांची मापं मात्र मास्तरांनी काढली, कारण ते शाळेत भूमिती शिकवायचे. सात रस्त्यावरच्या दुकानातून काचा कापून आल्या. चौकटीत एकही जाईना! मास्तरांनी मापं चौकटीच्या बाहेरून घेतली होती.

बिराजदार काच उलटी धरून बघतात, सुलटी धरून बघतात. शेवटी म्हणाले, "मास्तर, आता चौकट काचंच्या आत बसवायची का?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं."

*

काचा पुन्हा कापून आल्या. मग त्या बसवायला लांबी हवी. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात ती. मी देवळातून आले तर तिघे जण जमिनीवर बसून माझ्या परातीत लांबी मळत होते! ज्या परातीत मी भाकरीचं पीठ मळते त्या परातीत!

मी म्हटलं, "अहो, ही काय रीत झाली?"

हे म्हणाले, "अगं, धुतली की निघेल."

"धुवायला पाणी कुठलं?"

बिराजदार हात चालवत म्हणाले, "वहिनी, चिडताय कशाला? जवसाची चटणी खाता की तुमी!"

पुढे पंधरा दिवस आमच्या भाकरीला सुताराच्या दुकानाचा वास येत होता. ह्यांनी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर परात डोक्यात घातली असती.

*

टाकीच्या मधोमध एक पडदी लागते, वाळू इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. तेवढी काच कमी पडली. दुपारी मी डोळा लागून उठले तर भिंतीवरची चौकट मोकळी! माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. वडिलांनी स्वतः चौकट करून दिली होती. कागद पलंगावर पडलेला, आणि त्याची काच टाकीत, लांबीने पक्की चिकटवलेली.

हे म्हणाले, "अगं, सर्टिफिकेट तर तसंच आहे ना!"

मास्तरांनी भर घातली, "उलट आता स्पष्ट वाचता येतंय."

*

मग पाणी भरून बघायचा दिवस. कुणाच्या पाण्याने? माझ्या! मी बाजारात गेल्याची वेळ साधून तिघांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप रिकामं केलं. कोळसा काळा दिसतो म्हणून माझ्या शेगडीचा कोळसा आधी दोन बादल्या पाण्याने धुऊन घेतला. कोळसा धुणारी माणसं असतात हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं!

मी परतले तर टाकी एका कोपऱ्यातून गळत होती. आमची जमीन फळ्यांची. खालच्या खोलीत नरसव्वा राहायची. तिचा नवरा मागावर लुगडी विणायचा. नरसव्वा तरातरा वर आली. हातात ओलं लाल सूत, रंग ठिबकतोय.

"काय बाई, तुज्या घरात पाऊस पडतंय काय?"

मास्तर पुढे झाले. "अहो, आमचा प्रयोग चालू आहे."

"परयोग तुमचं, सूत आमचं?"

मास्तर मागे झाले. तिच्यापुढे हात जोडायला मीच उरले. त्या संध्याकाळी मी ह्यांना बजावलं, "आता टाकी भरायची तर नळावर जाऊन भरा. माझ्या पाण्याच्या थेंबाला हात लावायचा नाही."

*

ह्यांनी माझं म्हणणं तंतोतंत ऐकलं.

लांबी बदलून, डांबराचा हात देऊन टाकी पक्की केली. पाण्याच्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर रांगेत तिसऱ्या नंबरावर काचेची टाकी! तिथे आदल्या संध्याकाळी मी माझी घागर ठेवली होती. ती उचलून ह्यांनी पार शेवटी नेऊन ठेवली होती.

"दहा खेपा कशाला?" मास्तर सगळ्या बायकांना समजावत होते. "एकदाच भरायची, एकदाच न्यायची."

टाकीत नळ सोडला. ती भरता भरेना. रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग कुजबुजल्या, मग सरळ शिव्या द्यायला लागल्या. टाकी काठोकाठ भरली. एक थेंब गळला नाही! तिघांनी एकमेकांची पाठ थोपटली, चौकटीला हात घातले आणि "हं!" म्हणाले.

टाकी जागची हलली नाही.

पुन्हा "हं!" खालून कर्र असा आवाज आला. बिराजदार ओरडले, "सोडा, सोडा! तळ निसटतंय!"

मास्तर म्हणाले, "थोडं पाणी ओतून देऊ."

"ओतून?" सगळी रांग एकदम ओरडली.

तेवढ्यात नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो बंद पडला. अंगणात रिकाम्या घागरी, आणि मधोमध काचेत भरलेलं सगळ्यांचं पाणी. आत पडदी झालेली माझ्या सर्टिफिकेटची काच लखलखत होती.

नरसव्वाने पदर खोचला, पुढे आली आणि आपली घागर टाकीत बुडवली. तिच्या मागची आली. तिच्या मागची. आपापल्या नंबराने सगळ्यांनी घागरी बुडवल्या. दोघे मित्र बाजूला सरले. चौकटीवरचा हात काढायचंही ह्यांना सुचलं नव्हतं.

"लई छान बांधलंय टाकी," नरसव्वा जाता जाता म्हणाली.

शेवटी मी. पाणी तळाला गेलेलं, घागर बुडेना. मी नुसती उभी राहिले. हे खाली बसले, तांब्या घेतला आणि टाकीतलं पाणी माझ्या घागरीत ओतायला लागले. पडदीच्या अलीकडचं संपलं, मग पलीकडचं. घागर भरली. ती त्यांनी स्वतःच खांद्यावर घेतली आणि जिन्याकडे निघाले. खांद्यावर कशी घ्यायची ते माहीत नव्हतं, म्हणून शर्ट भिजत होता.

मी मागून म्हटलं, "सांभाळून. खाली नरसव्वाचा माग आहे."