त्याला वाचायला कोणी शिकवलं?

टॅम्पिनीसच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, एक चिनी आंटी टेबलं पुसायच्या. फडक्याची चौपदरी घडी घातल्याशिवाय ते टेबलाला लावायच्या नाहीत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका शनिवारी मी तिथे मराठी मंडळातल्या व्याख्यानाची तयारी करत होतो. विषय होता, व्हिक्टोरियन कादंबरीतली गरीब मुलं आणि त्यांचं शिक्षण. मी स्वतः पोटभर लाक्सा खाऊन बसलो होतो.

माझ्यासमोर ठेवलेल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरच्या फाटक्या कपड्यांतल्या मुलाकडे बोट दाखवून आंटींनी विचारलं, "हा कोण?"

मी लगेच व्याख्यानच सुरू केलं. अनाथ मुलगा, कारखान्यात राबतो, शाळेचं तोंड पाहत नाही, शेवटी कारकून होतो.

"मग त्याला वाचायला कोणी शिकवलं?"

मी टिपणं चाळली. त्यांत औद्योगिक क्रांती होती, वर्गसंघर्ष होता, पण शिकवणारं माणूस नव्हतं. खरं सांगायचं तर मी कादंबरीचा सारांशच वाचला होता.

"मला धाकट्या भावाने शिकवलं," आंटी म्हणाल्या. "शाळेत त्यालाच घातलं होतं. मी भांडी घासायचे आणि तो शेजारी बसून अक्षरं सांगायचा. तुला सापडलं की मला सांग."

मग मी कादंबरी खरोखर वाचली. चौथ्या दिवशी सापडलं. शेजारच्या धोबिणीने शिकवलं होतं, आणि तिच्यावर जेमतेम दोन ओळी होत्या.

मी आंटींना सांगितलं. "दोनच?" म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

व्याख्यानात मी तासभर धोबिणीवरच बोललो. शेवटी एका गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, "सर, मुख्य विषय कधी सुरू होणार?"