लेसिएली आत्यांचं चालणं

आत्यांच्या साखरेचा आकडा बघून आनासेइनीनं यंत्र बदललं, परत रक्त घेतलं. ती दवाखान्यात नर्स आणि आत्यांची भाची. हळूच म्हणाली, "आत्या, रोज चालायचं. गाडी बंद. नाहीतर इन्सुलिनची सुई, पोटात."

लेसिएली आत्या म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. टोंगाच्या बेटांवर आत्येचा शब्द भाचरांनी मोडायचा नसतो, आणि आमच्या आत्यांचा तर गावचे पाद्रीही मोडत नसत. पण सुईला त्या भीत. लहानपणी लस टोचायला आलेल्या बाईला त्या चावल्या होत्या, असं माझे सासरे त्या घरात नसताना सांगत.

दुसऱ्या दिवशी आत्या धक्क्यापर्यंत जायला निघाल्या. चर्चच्या वळणावर माझ्या दिराची, सेमिसीची, पिकअप थांबली.

"आत्या, बस."

"मला चालायचंय."

"तू पायी आणि मी गाडीत? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

आत्या बसल्या. येताना दुसऱ्या भाच्यानं आणलं. मधे जेवढं चालायला मिळालं, त्यात दारादारातून हाका, "या, खाऊन जा." अशा वेळी "झालंय आमचं" म्हणून पुढं सरकायचं असतं. आत्या सरकत नसत. कुठं नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, कुठं पाकातले पिठाचे गोळे.

पुढच्या तपासणीला आकडा वर.

"आत्या, चालतेस ना?"

"रोज निघते," आत्या म्हणाल्या. खोटं त्या बोलत नसत.

आनासेइनीनं इन्सुलिनची सुई काढून टेबलावर ठेवली. नुसतीच. आत्या सुईकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी सेमिसी परत थांबला. "बस, आत्या."

"तू उतर."

"मी?"

"गाडी कडेला लाव आणि चल माझ्याबरोबर."

सेमिसीनं आपल्या नव्या चपलांकडं पाहिलं, आत्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि उतरला. पुढं माझा नवरा फिनाऊ सापडला. तोही उतरला. दारातून हाक आली की आत्या म्हणत, "ताट झाकून ठेव. ये, धक्क्यापर्यंत जाऊन येऊ."

हळूहळू हाका थांबल्या. आत्या दिसल्या की पडदे ओढले जात. पिकअप नारळीच्या बागांत वळत. पण आमचं बेट ताटासारखं सपाट, लपणार कुठं? आत्या लांबूनच नाव घेऊन हाक मारत. फिनाऊचा पट्टा ढिला झाला. पेट्रोलचे वाचलेले पैसे मी बाजूला ठेवू लागले. त्याला ते सांगायची गरज मला वाटली नाही.

शेवटी तपासणीचा दिवस आला. सगळे भाचे दवाखान्याच्या पायरीवर.

"वहिनी, उतरू दे गं आकडा," सेमिसी मला म्हणाला. "म्हणजे आम्ही सुटलो."

आनासेइनी हसत बाहेर आली. "उतरला. सुई नको."

फिनाऊनं चक्क डोळे मिटून देवाचे आभार मानले.

"पण चालणं सोडलं, की परत चढणार. त्यामुळं हे आता कायमचं."

फिनाऊनं डोळे उघडले. मग सेमिसी म्हणाला, "हे आत्याला सांगितलंस?"

"सांगितलं की."

"तुझं भलं होवो."

मागून आत्या आल्या. बोटावरचा कापूस फेकत त्यांनी विचारलं, "आनासेइनी, तुझी ड्यूटी कधी संपते?"

"चारला, आत्या."

"तुझी गाडी इथंच राहू दे. मी थांबते."


सेमिसीनं आनासेइनीला पायरीवर बसायला जागा करून दिली.