कुळिगैच्या वेळेचा हप्ता

"पैसे आहेत सार. पण भरणार नाही."

कण्णय्यन माझ्या टेबलासमोर बसून हे सांगत होते. त्यांच्या फाईलवर मॅनेजरसाहेबांनी लाल शाईने 'सूट फाईल करा' लिहिलं होतं. म्हणजे कोर्टात दावा. दावा झाला की त्यांचं पितळी भांडी चकचकीत करायचं मशीन जाणार. त्या मशीनवरच त्यांचं घर चालत होतं.

ऐंशीच्या दशकात मी कुंभकोणमच्या ब्रँचला फील्ड ऑफिसर होतो. कर्ज देणं मॅनेजरचं काम, परत आणणं माझं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजलं. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट भिंतीवर होतं आणि आई दर शुक्रवारी त्याला कुंकू लावायची. एवढं शिकल्यावर मी कुणाचं ऐकून घेणार?

"किती आहेत?"

"आठशे."

"मग भरा की अण्णे!"

"आठशेनं काय होतंय? भरीन तर सगळं एकदम. तेही कुळिगैत."

कुळिगै म्हणजे राहुकाळासारखाच रोजचा दीड तास. वार बदलला की वेळ बदलते. आमच्याकडचा समज असा की या वेळात केलेली गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. म्हणून या वेळात सोनं घेतात आणि प्रेत उचलत नाहीत.

कण्णय्यननी मशीनचं कर्ज उचललं होतं बुधवारी अकराला. ऐन कुळिगै. तिरुनागेश्वरमच्या जोश्यानं हे शोधून काढलं. आता व्हाउचरवर वेळ नसते. पण त्यांना पक्की आठवत होती.

"तुम्हा सगळ्यांना कॉफी आली होती सार. मला कुणी विचारलं नाही."

पुढे बँकेचा हप्ता भरायला त्यांनी वट्टीवाल्याकडून, म्हणजे खासगी सावकाराकडून पैसे घेतले. त्याचं व्याज भरायला मेव्हण्याकडून. कर्जावर कर्ज. जोश्याचा उतारा एकच: कुळिगैत फेड करा, फेडच पुन्हा पुन्हा होईल. म्हणून ते दुकानातल्या पितळी हंड्यात पैसे साठवत होते. हंडा अर्धा भरला की वट्टीवाला येऊन रिकामा करायचा.

मी ओव्हरड्यू समजावलं. तारीख उलटलेला हप्ता, त्यावर जादा व्याज. ते माझ्या डोक्यावरचा पंखा बघत होते. बँकिंग संपलं तेव्हा मला दुसरं सुचलं.

"अण्णे, कुळिगैत सगळं कर्ज फेडलंत, तर पुन्हा काय घडेल?"

"पुन्हा सगळं फेडीन."

"फेडायला आधी पुन्हा सगळं कर्ज लागेल ना?"

त्यांची नजर पंख्यावरून खाली आली.

"अय्यय्यो!"

"म्हणून एक हप्ता भरा. पुन्हा काय घडेल?"

"हप्ता," ते हळूच म्हणाले. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "आज मंगळवार. बारा ते दीड." आणि बाकावर जाऊन बसले. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

अर्धे पैसे बँकेला, अर्धे वट्टीवाल्याला, आणि नवं कर्ज कुणाकडूनही नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. वट्टीवाला तर खूश झाला. कुळिगैत आलेला पैसा पुन्हा येतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

मॅनेजरसाहेब मद्रासचे. खूश झाले नाहीत.

"नॉन्सेन्स! तू ग्रॅज्युएट आहेस ना?"

"तीन मंगळवार द्या सार."

तीन मंगळवार हप्ते आले. चौथ्यालाही आला. सूट फाईल करायचं मागे पडलं. पण बातमी भांड्यांच्या बाजारात पसरली आणि दर मंगळवारी बाराच्या ठोक्याला कॅश काउंटरवर रांग लागायला लागली. आमच्या कॅशियर रुक्मिणीअम्मा त्याच वेळी दोन घास खायच्या.

"यांचे ग्रह सुटतायत," त्या मला म्हणाल्या, "माझा दहीभात आंबतोय. तुमच्या आईला सांगू का?"

अडीच वर्षांनी कण्णय्यन मोकळे झाले. आधी वट्टीवाला, मग आम्ही, शेवटी मेव्हणा. मद्रासच्या एका घाऊक व्यापाऱ्यानं त्यांना उधारीवर पितळ द्यायच्या आधी आमच्याकडे ओपिनियन मागितलं. ओपिनियन म्हणजे 'हा माणूस कसा आहे' हे बँकेनं गुपचूप लिहून कळवायचं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः लिहिलं: 'व्यवहार चोख.' आणि दुसऱ्या मशीनचं कर्जही मंजूर केलं.

सही करायला बोलावलं बुधवारी. कण्णय्यन अकराला आले, पेन हातात घेतलं, वर घड्याळ बघितलं आणि पळाले. चपला आमच्याच दारात राहिल्या.

मी त्यांना फुटपाथवर गाठलं. "बारानंतर या मग."

"बारा ते दीड राहुकाळ, सार!"

हे मी आत जाऊन सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मग बुधवारी आपण बँक उघडायची तरी कधी?"

एक पस्तीसला सही झाली. या वेळी कण्णय्यनना कॉफी मिळाली. मीच मागवली. त्या कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही.

कुळिगैत काही असतं का, मला माहीत नाही. बी.कॉम.ला तो विषय नव्हता. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, झेपेल एवढं भरत राहिलं की कर्ज फिटतं, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

पुढे मी घरासाठी स्टाफ लोन घेतलं. कागद बुधवारी अकराला तयार होते. मी सही केली पावणेदोनला. कुणी विचारलंच तर सांगतो, पेन सापडत नव्हतं.